स्टँड-अप जेट स्कीला प्रायमर बसवायचाय: चोक काढावा का, आणि पेट्रोल घ्यावं कुठल्या नळीतून?

ओलाचिंब (न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. वाहनांच्या विभागात मोटरसायकलींचे धागे ढिगाने आहेत, पाण्यावर चालणाऱ्याचा एकही दिसला नाही, म्हणून हा काढतोय.

माझ्याकडे १९९६ ची यामाहा सुपरजेट आहे. सेकंडहँड. बसून चालवायची नव्हे, उभं राहून चालवायची. ७०१ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, दोन मिकुनी कार्बोरेटर ३८ मिमीचे, पेट्रोलमध्ये ५०:१ ऑइल. इथल्या लेक होपाटकाँगवर चालवतो. आठवडाभर ट्रेलरवर उभी राहिली की शनिवारी सकाळी सुरू होताना अंत बघते. चोक ओढा, सेल मारा, थांबा, परत सेल मारा. बॅटरी मान टाकायच्या बेतात आली की बाईसाहेब पेट घेतात. मग दिवसभर काही त्रास नाही, बटणाला बोट लावलं की सुरू.

चोकची केबल आता गंजून अर्ध्यावर अडकते. तळ्यावरचे जुने लोक म्हणतात चोक फेकून दे, प्रायमर लाव. किट आणलंय: दट्ट्या ओढून दाबायचा हातपंप, बारीक नळी, एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि दोन पितळी निपल (नळी बसवायची तोंडं). सोबतच्या कागदावर चित्र एकच, आणि ज्या गोष्टीची मला धास्ती आहे तिथे नुसता एक बाण काढलाय. टी नेमका कुठे टाकायचा? चोक खरंच काढावा का? आणि दट्ट्या किती वेळा मारायचा? कुणी केलं असेल तर सविस्तर लिहा.

रीडव्हाल्व्ह (टँपा)

मोटरसायकलच्या कार्बोरेटरात फ्लोट असतो, खाली वाटीत पेट्रोल साठून राहतं. आपली गाडी लाटेत उताणी पडते, त्यामुळे इथे फ्लोट चालत नाही. सगळा कारभार पडद्यांवर, म्हणजे डायफ्रामवर. पेट्रोलचा पंपही पडद्याचाच, आणि तो हलतो क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर. गाडी आठवडाभर उभी राहिली की नळ्यांतलं पेट्रोल हळूहळू टाकीत परत उतरतं. आता इंजिन फिरल्याशिवाय पंप चालत नाही, आणि पंप चालल्याशिवाय इंजिन पेटत नाही. सेलने इंजिन फिरतं त्या गतीला ते ठोके अगदीच दुबळे असतात. तुमची शनिवारची कहाणी एवढीच आहे.

प्रायमर या भानगडीत पडतच नाही. टाकीतलं पेट्रोल हाताने ओढून थेट कार्बोरेटरच्या घशात पिचकारी मारतो. एक लक्षात ठेवा, तो कार्बोरेटर *भरत* नाही. त्यामुळे गाडी भुर्रकन पेटून दोन-तीन सेकंदांत बंद पडली तर घाबरायचं कारण नाही. तेवढ्या वेळात पंपाने थोडं ओढलेलं असतं. पुन्हा एक दट्ट्या, पुन्हा सेल, बहुधा धरते.

चोक काढा, हो. चोकची पाती पूर्ण उघडी असली तरी घशात आडवी उभीच असते, म्हणजे हवेला अडथळा. पण माझं खरं कारण वेगळं आहे. ती पाती दोन चिमुकल्या स्क्रूंवर असते. कंपनाने एखादा सुटला की तो रीड व्हाल्व्हमधून (इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या पातळ पट्ट्यांच्या झडपा) सरळ इंजिनात. पुढचं सांगायला नको.

लेथवाला (पिंपरी)

मी आयुष्यात जेट स्कीवर बसलेलो नाही (उभाही राहिलेलो नाही), पण कार्बोरेटरला भोकं पाडणे हा आमचा प्रांत आहे, म्हणून लिहितो.

कार्बोरेटर गाडीवर ठेवून ड्रिल मारू नका. दोन्ही काढा, पडदे, जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्रं), नीडल (पेट्रोलची वाट उघडणारी-मिटणारी सुई) सगळं उतरवा, नुसती रिकामी बॉडी व्हाइसमध्ये लाकडी फळ्या लावून धरा. भोक हवा आत येते त्या बाजूला, थ्रॉटलच्या पातीच्या अलीकडे. आतल्या कुठल्याही पेट्रोलच्या वाटेवरून ड्रिल जात नाही ना, ते आधी दोनदा बघा. ॲल्युमिनियम आहे, एकदा आरपार गेलं की गेलं. निपलच्या आट्यांप्रमाणे टॅप मारा, रॉकेलचा थेंब टाकत, अर्धा फेरा पुढे पाव फेरा मागे. निपलचं टोक आत डोकावत असेल तर घासून घशाच्या भिंतीला सपाट करा. आट्यांना पेट्रोलला दाद न देणारं थ्रेडलॉकर लावा. सिलिकॉन लावू नका, ते पेट्रोलमध्ये फुगून लोळागोळा होतं आणि त्याचे तुकडे जेटमध्ये जाऊन बसतात.

मग सगळं धुवा. हवा मारा. परत धुवा. ॲल्युमिनियमचा कीस डोळ्याला दिसत नाही, सिलिंडरला मात्र दिसतो.

चोकचा दांडा काढल्यावर दोन्ही बाजूंना भोकं उरतील. ती आट्यांचे प्लग लावून किंवा धातूच्या इपॉक्सीने बुजवायची.

ओलाचिंब

@लेथवाला, काका, फार उपयोगी. एक विचारतो: ती भोकं उघडी राहिली तर मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं म्हणतात, खरं का? ती तर व्हेंचुरीच्या (घशातल्या अरुंद भागाच्या) अलीकडे असतात. हवा तिथून आत आली तरी पुढे व्हेंचुरीतूनच जाणार ना?

लेथवाला

बरोबर पकडलंत. मिश्रणावर फार फरक पडू नये. तरी बुजवायची, कारण ती भोकं फ्लेम अरेस्टरच्या (हवेच्या तोंडावरच्या, ज्वाळा अडवणाऱ्या जाळीच्या) आत आहेत. इंजिनाने उलटा भडका मारला तर तो जाळीत विझायला हवा. भोकातून बाहेर आला तर तुमच्या बंद हलमध्ये (गाडीच्या पोकळ धडात) पेट्रोलची वाफ वाटच बघत असेल. शिवाय खारं पाणी आणि रेती आत जाणार ते वेगळंच.

स्वान_नदीकाठी (पर्थ)

वाफेचा विषय निघालाच आहे तर. मी कावासाकीची जुनी ५५० आणि आता ८०० एसएक्स-आर, दोन्हींना प्रायमर लावून चालवलेत. स्टँड-अपचं हल म्हणजे झाकण लावलेला डबा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी बसते, आणि स्टार्टर मोटरही तिथेच खाली. प्रायमर म्हणजे आपण त्या डब्यात पेट्रोलचे आणखी पाच-सहा सांधे वाढवतो. म्हणून दिवसातल्या पहिल्या स्टार्टच्या आधी हूड उघडून नाक आत घालायचं. वास आला तर सेलला हात लावायचा नाही, गळती शोधायची. काम करताना बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा हे सांगायला नको, तरी सांगतेच.

प्रत्येक सांध्याला क्लॅम्प. नळी बारीक आहे, घट्ट बसलीय, असं म्हणून सोडू नका. बारीक नळीला बसणारे स्प्रिंग क्लॅम्प मिळतात. नळी एक्झॉस्टला किंवा फिरत्या कपलिंगला कुठेच टेकता कामा नये. आणि स्वस्त पारदर्शक पीव्हीसीची नळी किटमध्ये आली असेल तर ती फिश टँकला वापरा. पेट्रोलने ती पिवळी पडते, मग काचेसारखी कडक होते आणि नेमकी निपलच्या तोंडाशी तडकते. टायगॉनची इंधनासाठीची नळी घ्या.

पंप बसवायला नवं भोक पाडायची गरज बहुतेक वेळा लागत नाही. चोकच्या नॉबचं भोक रिकामं होतं, तिथेच बसवा. ओल्या ग्लोव्हजने ओढता येतोय ना तेवढं बघा.

रीडव्हाल्व्ह

आता टी. चित्रातल्या बाणाची तुम्हाला वाटणारी धास्ती रास्त आहे, कारण इंजिन वाचणार की जाणार ते इथे ठरतं.

बहुतेक लोक कॉक आणि कार्बोरेटर यांच्यामधली मुख्य नळी कापून टी टाकतात. सोपं पडतं. पण चालू इंजिनाचा पंप त्या नळीतून पेट्रोल *ओढत* असतो, म्हणजे नळीत दाब नसतो, ओढ असते. टीचा सांधा ढिला असेल किंवा प्रायमरच्या दट्ट्याची ओ-रिंग झिजली असेल, तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं ठाक दिसतं. मिश्रण लीन होतं, तेही पूर्ण थ्रॉटलवर, आणि पिस्टन चिकटतो. गळती दिसली असती तर बरं, असं म्हणायची पाळी येते.

म्हणून मी रिझर्व्हच्या नळीवर टी टाकतो, कॉकच्या अलीकडे, म्हणजे टाकीच्या बाजूला. गाडी नेहमी ‘ऑन’वर चालते, त्यामुळे प्रायमरचा काही बिघाड झाला तरी मुख्य पुरवठ्याला धक्का लागत नाही. रिझर्व्हचं तोंड टाकीच्या तळाशी असतं, म्हणजे टाकी अर्धी असली तरी प्रायमरला पेट्रोल मिळतंच.

वाळवंटातला (शारजा)

रीडव्हाल्व्ह साहेबांचं पटलं, पण इकडच्या उन्हात त्याला एक पोटभेद आहे. टाकीच्या श्वासनळीत एकमार्गी व्हाल्व्ह असतो, हवा आत घेतो पण बाहेर सोडत नाही. गाडी उन्हात उभी राहिली की टाकी फुगते, झाकण उघडताना फुस्स होतं ते सगळ्यांनी ऐकलं असेल. मुख्य नळीवर टी असेल तर कॉक बंद केला की विषय संपला. रिझर्व्हवर कॉकच्या अलीकडे टी असेल तर कॉक बंद करून काही उपयोग नाही. प्रायमरमधले दोन्ही छोटे व्हाल्व्ह टाकीकडून इंजिनाकडेच उघडतात. त्यांची स्प्रिंग नरम पडली तर टाकीतला दाब पेट्रोलला ढकलत ढकलत थेट घशात आणून सोडतो. दुपारी नमाजानंतर येऊन बघावं तर गाडी ओव्हरफ्लो, प्लग चिंब.

आमच्या मित्रमंडळात आता सगळे प्रायमरच्या नळीत वेगळा छोटा कॉक टाकतात. नाहीतर सावलीत उभी करून टाकीचं झाकण एकदा सैल करून दाब सोडायचा. विमानांच्या जुन्या इंजिनांना येतो तसा दाबून फिरवून लॉक होणारा प्रायमर मिळाला तर सर्वात उत्तम.

लेथवाला

आणखी एक वाट आहे, रिटर्नची नळी, म्हणजे कार्बोरेटरकडून जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी. तिच्यात इंजिन चालू असताना पेट्रोल ढकललं जातं, ओढलं जात नाही. सांधा ढिला असेल तर हवा आत न जाता पेट्रोल बाहेर येईल, आणि ते नाकाला कळेल.

रीडव्हाल्व्ह

काका, तर्क सोळा आणे. पण रिटर्नचं तोंड बऱ्याच टाक्यांत वरच्या बाजूला उघडतं, पेट्रोलच्या वर. दट्ट्या ओढला की टाकीतली हवाच येते. कार्बोरेटरच्या बाजूला बारीक रिस्ट्रिक्टर जेट असतो, तिकडून यायला पेट्रोलला जास्त कष्ट. हवेला सोपी वाट मिळाली की ती तीच धरणार.

लेथवाला

मग टीच्या पुढे, टाकीकडे जाणाऱ्या तुकड्यात एकमार्गी व्हाल्व्ह टाका. मागे फिरायची वाट बंद. आता प्रायमर ओढेल ते कार्बोरेटरमधूनच, म्हणजे टाकी, फिल्टर, पंप, नीडलच्या अलीकडचा कप्पा, सगळं भरत भरत पेट्रोल येईल. दट्ट्या जरा जड जाईल आणि पहिल्यांदा जास्त वेळा मारावा लागेल. पण मघाशी तुम्ही म्हणालात की प्रायमर कार्बोरेटर भरत नाही. या मांडणीत भरतो. फक्त तो व्हाल्व्ह हलका हवा. कडक स्प्रिंगचा टाकलात तर रिटर्न तुंबेल आणि नीडलवरचा दाब वाढेल.

रीडव्हाल्व्ह

हे करून बघायला हवं. माझ्याकडे गॅरेजमध्ये एक जुनी ६५० पडून आहे, तिच्यावर.

तारकर्लीकर

गाववाल्यांनो, आमच्याकडे किनाऱ्यावर ज्या जेट स्क्या आहेत त्या सगळ्या बसायच्या, फोर-स्ट्रोक, इंजेक्शनवाल्या. तुमची ही उभी जात मी फक्त व्हिडिओत बघितली आहे. पण होड्यांच्या आउटबोर्डला पेट्रोलच्या नळीत रबरी फुगा असतो, तो कडक लागेपर्यंत दाबायचा आणि मग दोरी ओढायची. साठ-सत्तर वर्षांचे आमचे तांडेलही न बघता करतात. तोच फुगा लावा की! भोकं कशाला पाडता?

रीडव्हाल्व्ह

@तारकर्लीकर, लावणारे आहेत, पण काम वेगळं आहे. आउटबोर्डच्या कार्बोरेटरात फ्लोट असतो, फुगा दाबला की वाटी भरते, भरली की फ्लोट वाट बंद करतो, म्हणून फुगा कडक लागतो. आमच्याकडे रिटर्न उघडा असतो. फुगा दाबाल तेवढं पेट्रोल एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने टाकीत परत. घशात थेंब पडत नाही, कारण नीडल स्प्रिंगने बंद. आठवड्याने रिकाम्या झालेल्या नळ्या भरायला फुगा उत्तम, पण थंड इंजिनाला लागणारं जास्तीचं पेट्रोल तो देत नाही. आणि तो लावायचा मुख्य नळीतच, म्हणजे दोन सांधे ओढीच्या बाजूला वाढले.

तारकर्लीकर

बरां. मग माझ्या काकांच्या येझदीला कार्बोरेटरवर टिकलर होता, तो दाबून पेट्रोल ओसंडवायचे नि मग किक. प्रायमर त्याचाच भाऊ म्हणायचा.

ओलाचिंब

मंडळी, बसवून झाला! तुमच्या चर्चेतून शेवटी रिझर्व्हवर टी आणि प्रायमरच्या नळीत छोटा कॉक असं ठरवलं. काकांची रिटर्नची कल्पना मोहात पाडणारी होती, पण माझ्या टाकीत रिटर्न वरच उघडतो आणि तसला हलका व्हाल्व्ह इथे मिळाला नाही.

दोन गोष्टी पुढच्यांसाठी लिहून ठेवतो. नळ्या निपलना जोडण्याआधी दोन्ही टोकं काचेच्या बरणीत धरून दट्ट्या मारून बघा. माझ्या एका नळीतून धार येत होती, दुसरीतून नुसतं ठिबकत होतं. नळी दोन कार्बोरेटरांकडे फुटते त्या वाय-जोडानंतरचा एक तुकडा लांब होता आणि वळणावर दुमडत होता. दोन्ही सारख्या लांबीच्या केल्यावर धारा सारख्या झाल्या. हे बरणीत कळलं नसतं तर एक सिलिंडर भिजला असता आणि एक कोरडा राहिला असता, आणि मी प्लगना दोष देत बसलो असतो.

दुसरी गोष्ट, कार्बोरेटर उघडलेच होते म्हणून पंपाचे पडदे बघितले. कडक, कडांना कुरकुरीत. दोन्हींचे किट बदलले, आतल्या बारीक जाळ्या साफ केल्या. आता गंमत अशी की प्रायमर न मारताही गाडी पूर्वीपेक्षा लवकर पेटते.

आता सांगा, दट्ट्या किती वेळा?

स्वान_नदीकाठी

अगदी नव्याने बसवला असेल तर आधी नळी भरेपर्यंत मारा. पेट्रोल निपलपर्यंत आलेलं दिसतंच, टायगॉन पारदर्शक असते. त्यानंतर थंड इंजिनाला तीन ते पाच. तासभर चहा-नाश्त्याला थांबलात तर एक किंवा एकही नाही. गरम इंजिनाला कधीच नाही.

गरम असतानाही प्रायमर मारल्याशिवाय सुरू होत नसेल, तर दुखणं दुसरीकडे आहे. नळीत हवा शिरतेय, पॉप-ऑफचा (नीडल उघडायला लागणारा) दाब जास्त आहे, लो-स्पीड जेट तुंबलाय किंवा पडदे गेलेत. प्रायमर असा आजार झाकून ठेवतो. लोक हंगामभर दट्ट्या मारत राहतात आणि शेवटी लीन चालून चालून पिस्टन जातो. तुमच्या पडद्यांचं बघा ना, नुसता प्रायमर लावून तुम्ही खूश झाला असता तर ते तसेच राहिले असते.

वाळवंटातला

ताईंना अनुमोदन. प्रायमरचा तपासणीला मात्र झकास उपयोग होतो. दोन दट्ट्यांवर पेटून मरत असेल तर स्पार्क ठीक आहे, पेट्रोलची बाजू बघा. दट्ट्या मारूनही ढिम्म असेल तर प्लग आणि वीज बघा. एकदा समुद्रात आमच्यातल्या एकाचा पंप गेला, तर पठ्ठ्या एका हाताने हँडल धरून, दुसऱ्या हाताने दर काही सेकंदांनी दट्ट्या मारत किनाऱ्याला आला. हळू आला, पण आला.

जास्त झालं तर: थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून थोडा सेल मारा, बहुधा मोकळी होते. नाही झाली तर प्लग काढा (तुमच्याला बीआर८एचएस असतील), पुसा, आणि सिलिंडरमधलं पेट्रोल उडवताना प्लगच्या टोप्या अर्थिंग करून भोकांपासून लांब ठेवा. उघड्या भोकातून पेट्रोलचा फवारा येतो आणि शेजारी ठिणगी पडली तर भुवया जातील.

रीडव्हाल्व्ह

आणि ट्रेलरवर चाचणी घेताना पाण्याशिवाय काही सेकंदच चालवा. फ्लशिंगचा पाइप लावला असेल तर आधी इंजिन सुरू करा, मग पाणी सोडा. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलटं केलंत तर पाणी एक्झॉस्टमधून मागे सिलिंडरमध्ये शिरतं. नव्या प्रायमरच्या आनंदात लोक नळ उघडा ठेवून सेल मारत बसतात.

पाणकावळा (पुणे)

वाचून मजा आली. बहिणीकडे मेलबर्नला जाणार आहे, तिचा नवरा २०२१ ची सुपरजेट घेतोय. तिला पण हे सगळं लागेल का?

स्वान_नदीकाठी

नाही. २०२१ पासून सुपरजेट फोर-स्ट्रोक आहे, १०४९ सीसी, फ्युएल इंजेक्शन. कावासाकीची एसएक्स-आर २०१७ पासून तशीच. कॉम्प्युटर बघून घेतो. जिजाजींना बॅटरी चार्ज ठेवायला सांगा, बस.

लेथवाला

@ओलाचिंब, एक राहिलं. तुमच्याकडे पेट्रोल इथेनॉलवालं ना? आमच्याकडे तर आता ई-२०. पाणी शिरलं की इथेनॉल त्याला घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी बसतं. तुमचा टी रिझर्व्हवर, म्हणजे अगदी तळाचं ओढणार. महिनोन्‌महिने पेट्रोल पडून राहिलं तर हंगामाची पहिली पिचकारी पाण्याची असेल, आणि त्यात टू-टी ऑइलही नसेल.

ओलाचिंब

हे डोक्यात आलंच नव्हतं. इकडे ई-१० आहे. तळं गोठतं, गाडी ऑक्टोबरपासून गॅरेजात असते. मग प्रायमरमधलं पेट्रोल हिवाळ्यात ठेवू की काढू?

रीडव्हाल्व्ह

काढा. टाकी रिकामी करा, मग टीपाशी प्रायमरची नळी सोडवा, दोन्ही निपलवरच्या नळ्या काढून बरणीत धरा आणि नुसती हवा यायला लागेपर्यंत दट्ट्या मारा. छोटा कॉक उघडा ठेवा, दट्ट्या आत दाबलेला ठेवा. वसंतात ओ-रिंगला टू-टीचं एक बोट लावा, नळी वाकवून बघा. कडक लागली तर बदला, आणि ताजं पेट्रोल भरून पहिल्या पिचकाऱ्या बरणीतच मारा. बरणीच्या तळाशी वेगळा थर दिसला नाही तरच नळ्या निपलना जोडा.